सोडावे केव्हा?

धरून ठेवणाऱ्यांचे पोवाडे होतात, सोडणाऱ्यांचे होत नाहीत. मी मुळशीचा, त्यामुळे हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. आमच्याकडे सेनापती बापटांचे नाव देवासारखे घेतात, कारण त्यांनी अखेरपर्यंत हट्ट धरला. पण त्यांचे चरित्र वाचताना मला जाणवले, की या माणसाला सोडताही येत होते.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेरला झाला. डेक्कन कॉलेजातून पदवी घेऊन १९०४ मध्ये ते शिष्यवृत्तीवर अभियांत्रिकी शिकण्यासाठी एडिंबरोला गेले. तिथे त्यांनी इंग्रजी राज्याविरुद्ध भाषण केले आणि शिष्यवृत्ती बंद झाली. पुढे पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या मिळवून १९०८ मध्ये ते परतले. अज्ञातवास झाला, १९१२ मध्ये अटक झाली. ज्या बॉम्बसाठी तारुण्य वेचले, तो मार्ग बाजूला ठेवून १९२१ च्या रामनवमीला ते मुळशीत सत्याग्रहाला उभे राहिले.

टाटांच्या वीज कंपनीला मुळा-निळेच्या संगमावर धरण हवे होते. मावळ्यांची भातखाचरे बुडणार होती. सत्याग्रही बायकापुरुषांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला. पण पुष्कळ जमिनी सावकारांकडे अडकलेल्या, आणि सावकारांचा डोळा मोबदल्यावर. पांगापांग सुरू झाली. माझ्या खापरपणजोबांनीही मोबदला घेतला. आजोबा ही गोष्ट आवाज उतरवून सांगत, जणू घराण्याला लागलेला डाग.

बापट मात्र हटले नाहीत. १९२४ च्या अखेरीस मोजक्या साथीदारांसह त्यांनी रुळांवर दगड रचून, शस्त्र हाती घेऊन कंपनीची गाडी अडवली, आणि स्वतःला पोलिसांच्या हवाली केले. सात वर्षांची शिक्षा झाली. १९३१ मध्ये ते सुटले, तेव्हा धरण पुरे होऊन चार वर्षे लोटली होती. भिऱ्याची वीज मुंबईला जात होती.

मला विचारण्यासारखा प्रश्न इथे वाटतो. हरलेल्या लढाईच्या काठावर जन्मभर बसून कोण पळाले, कोण विकले गेले, याचा हिशेब मांडता आला असता. बापटांनी उरलेले आयुष्य त्यात घालवले नाही. ते पुढच्या लढ्यांत उतरले. १९५५ मध्ये चौऱ्याहत्तराव्या वर्षी गोव्याच्या सत्याग्रहात पोर्तुगीजांच्या लाठ्या खायला ते पहिल्या तुकडीत होते. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी ते निवर्तले.

मित्रहो, आपल्या वयात मैत्री तुटते, प्रेम तुटते, आणि आपण तुटलेल्या टोकाशीच घुटमळत राहतो. सोडणे म्हणजे हार, असे आपल्याला वाटते. पण आपल्या वाट्याचे सारे करून झाल्यावर धरून ठेवण्यासारखे काही उरत नाही, उरतो तो राग. तो ज्या दिवशी आपल्याला पोसू लागतो, तीच सोडण्याची वेळ.

आणि खापरपणजोबा? चूल पेटती ठेवायला त्यांनी बापटांच्या आधी सोडले. त्या पैशावर पोरे जगली, म्हणून मी आज या कॉलेजात आहे. आमच्या घरी ही गोष्ट आता मी मोकळ्या आवाजात सांगतो.