मेलबर्नचे तीन गोल : नेव्हिल डिसोझा

प्रस्तावना

खेळातील यश म्हटले की आपल्याला पदके आणि विजयी मिरवणुका आठवतात. परंतु पदक हाती न येताही एखादा खेळाडू देशाच्या क्रीडा-इतिहासात आपले स्थान कायम करून जातो. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारा आशिया खंडातील पहिला खेळाडू म्हणून नेव्हिल डिसोझा यांचे नाव नोंदले गेले आहे. या पाठात आपण त्यांच्या जीवनाचा परिचय करून घेणार आहोत.

मूळ पाठ

गोव्याच्या बार्देश तालुक्यात आसगाव नावाचे एक निसर्गरम्य गाव आहे. ३ ऑक्टोबर १९३२ रोजी या गावी नेव्हिल डिसोझा यांचा जन्म झाला. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगीजांची सत्ता होती. फुटबॉल हा गोमंतकीय जीवनाचाच एक भाग. भात कापून झालेले शेत असो वा चर्चसमोरचे मोकळे अंगण, चेंडू मिळाला की मुलांचा खेळ सुरू होई. नोकरी-धंद्यासाठी मुंबईस गेलेल्या गोमंतकीयांनी आपल्यासोबत हा खेळही नेला. नेव्हिल यांच्या खेळाला बहर आला तो याच मुंबई नगरीत. त्यांचे बंधू डेरेक हेही पुढे भारतीय संघातून खेळले.

आजच्यासारखे लाखो रुपयांचे करार त्या काळी नव्हते. मोठ्या कंपन्या आपापले संघ बाळगीत आणि त्यांच्या वतीने खेळाडू मैदानात उतरत. नेव्हिल प्रथम टाटा स्पोर्ट्स क्लबकडून आणि पुढे कॅलटेक्स या तेल कंपनीच्या संघाकडून खेळले. त्यांची जागा आघाडीच्या फळीत मध्यभागी असे. या जागेवरील खेळाडूचे काम एकच, गोल करणे! त्यासाठी वेग तर हवाच. पण चेंडू कोठे येणार हे बचावपटूच्या आधी ओळखण्याची दृष्टीही हवी. ती दृष्टी नेव्हिल यांच्याजवळ होती. १९५४ साली मुंबईने राष्ट्रीय अजिंक्यपदाचा संतोष करंडक प्रथमच जिंकला. पुढे १९५८ मध्ये मुंबईतील मानाचा रोव्हर्स करंडक कॅलटेक्स संघाने पटकावला. या दोन्ही यशांत त्यांचा वाटा होता.

त्यांच्या कामगिरीचे मोल कळण्यासाठी थोडी मागची हकिगत पाहिली पाहिजे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते. फ्रान्सने तो सामना २-१ असा जिंकला; भारताचा एकमेव गोल बंगळूरच्या एस. रामन यांनी केला. १९५२ साली हेलसिंकी येथे युगोस्लाव्हियाने भारताचा तब्बल १०-१ असा धुव्वा उडवला. तेथेही भारताचा एकुलता एक गोल बंगळूरचेच अहमद खान यांच्या नावावर लागला. या मानहानीनंतर भारतीय खेळाडूंना बूट घालून खेळणे सक्तीचे झाले.

अशा पार्श्वभूमीवर १९५६ चे ऑलिंपिक ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी भरले. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे भारताचे प्रशिक्षक होते, तर समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी हे कर्णधार. पी. के. बॅनर्जी, तुलसीदास बलराम, पीटर तंगराज आणि म्हैसूर राज्याचे केंपय्या असे गुणी खेळाडू संघात होते. पहिल्या फेरीतील प्रतिस्पर्धी हंगेरीच्या फुटबॉल संघाने माघार घेतल्यामुळे भारत न खेळताच उपान्त्यपूर्व फेरीत पोहोचला. तेथे गाठ पडली ती यजमान ऑस्ट्रेलियाशी.

१ डिसेंबर १९५६. सामना सुरू होऊन नऊ मिनिटे झाली आणि नेव्हिल यांनी पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला त्यांनी भारताला पुन्हा आघाडी मिळवून दिली. यजमानांनी तीही भरून काढली. मध्यंतराला गुणफलक २-२ असा होता. दोनदा मिळवलेली आघाडी दोनदा हातची गेली होती. अशा वेळी संघाचे मन खचू शकते. परंतु मध्यंतरानंतर पाचच मिनिटांत नेव्हिल यांनी तिसरा गोल नोंदवला. ही आघाडी मात्र अखेरपर्यंत टिकली. पुढे कृष्णस्वामी यांनी चौथा गोल केला आणि भारताने सामना ४-२ असा जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपान्त्य फेरीत पोहोचणारा भारत हा आशियातील पहिला देश ठरला.

४ डिसेंबरला समोर होता युगोस्लाव्हिया, चार वर्षांपूर्वी दहा गोल चढवणारा! मध्यंतरापर्यंत भारताने त्यांना एकही गोल करू दिला नाही. मध्यंतरानंतर तर नेव्हिल यांनीच गोल करून भारताला आघाडीवर नेले. अंतिम सामना काही काळ दृष्टिपथात आला होता. परंतु युगोस्लाव्हियाने लागोपाठ तीन गोल केले. चौथा भारताचा स्वयंगोल ठरला. सामना ४-१ असा हातचा गेला. कांस्यपदकासाठीच्या लढतीतही बल्गेरियाने ३-० अशी मात केली. भारत चौथ्या क्रमांकावर राहिला. स्पर्धेत सर्वाधिक म्हणजे प्रत्येकी चार गोल करणारे खेळाडू तिघेच. एक युगोस्लाव्हियाचा, एक बल्गेरियाचा आणि तिसरे आपले नेव्हिल डिसोझा.

इतक्या मोठ्या पराक्रमानंतर मानसन्मानांचा वर्षाव व्हावा, ही अपेक्षा स्वाभाविक होय. तसे घडले नाही. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाले, पण नेव्हिल यांना तो कधीच लाभला नाही. १६ मार्च १९८० रोजी, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९६० नंतर भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकमध्ये खेळलेला नाही. त्यामुळे मेलबर्नमधील चौथे स्थान हीच आजवरची आपली सर्वोच्च मजल राहिली आहे. मुंबईत वांद्रे येथील एका फुटबॉल मैदानाला आता त्यांचे नाव आहे. संध्याकाळी तेथे मुले सराव करतात. त्या नावामागची हकिगत त्यांना कोणीतरी सांगायला हवी. ती आता आपल्यालाही ठाऊक झाली आहे.

शब्दार्थ

धुव्वा उडवणे – पूर्ण पराभव करणे
मानहानी – अपमान
दृष्टिपथात येणे – नजरेच्या टप्प्यात येणे
स्वयंगोल – स्वतःच्याच संघाविरुद्ध झालेला गोल

स्वाध्याय

१. आघाडीच्या खेळाडूजवळ कोणते गुण असावे लागतात?
२. ऑस्ट्रेलियाविरुद्धचा तिसरा गोल विशेष महत्त्वाचा का ठरला?
३. तुमच्या परिसरातील एखाद्या विस्मृतीत गेलेल्या खेळाडूविषयी दहा ओळी लिहा.