विखे पाटलांनी उसाची साखळी बांधली. परळीचा कोयता तिच्यात कुठे बसतो?

दिवाळीच्या आसपास परळी वैजनाथ तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवरून ट्रॅक्टर भरून बिऱ्हाडं निघतात. भांडी, गोधड्या, लेकरं आणि कोयते. यातली बरीच माणसं पश्चिम महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांवर जातात. हे कारखाने उभे कसे राहिले, याचं उत्तर लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांच्या आयुष्यात सापडतं.

विखेंचा जन्म १८९७ चा. गाव लोणी बुद्रुक, तेव्हाचा अहमदनगर जिल्हा. शिक्षण जेमतेम प्राथमिक. १९२३ मध्ये त्यांनी गावात सहकारी पतपेढी काढली. पुढे भंडारदरा धरणाचं पाणी प्रवरेच्या कालव्यांतून आलं, ऊस वाढला. पण गुळाचा भाव पडला की शेतकरी पुन्हा सावकाराच्या दारात.

नेमकी अडचण काय होती?

ऊस गव्हासारखा गोदामात ठेवता येत नाही. तोडल्यावर साधारण २४ तासांत गाळला नाही, तर वजनही घटतं आणि साखरेचा उताराही. म्हणून खासगी कारखाने शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन स्वतःच ऊस लावत. विखेंनी हे गणित उलटं केलं. ऊस पिकवणाराच कारखान्याचा भागधारक झाला, तर भाव त्याच्या हातात राहील आणि कारखान्याला ऊसही हक्काचा मिळेल. पुरवठादार आणि मालक एकच! आम्हाला इंजिनीअरिंगला सप्लाय चेन शिकवली, पण हे उदाहरण कुणी सांगितलं नाही.

१९४५ मध्ये बेलापूरला बागायतदारांची परिषद झाली. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष होते. सहकारी कारखान्याच्या कल्पनेला तिथे बळ मिळालं. विखे गावोगाव फिरले, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले. सरकारी भागभांडवल आणि इंडस्ट्रियल फायनान्स कॉर्पोरेशनचं कर्ज मिळालं. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरला गाळप सुरू झालं. गाडगीळ पहिले अध्यक्ष. १९६१ मध्ये विखेंना पद्मश्री मिळाली, १९८० मध्ये त्यांचं निधन झालं.

मग परळीचा संबंध काय?

प्रवरेचा नमुना राज्यभर गेला. परळीजवळ पांगरीलाही वैद्यनाथ सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पण इकडे प्रवरेसारखं कालव्याचं पाणी नाही. २०१३ च्या दुष्काळात तर पाण्याअभावी परळीचं औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावं लागलं होतं.

दुसरी गोष्ट जास्त बोचणारी आहे. विखेंच्या साखळीत ऊस पिकवणारा मालक झाला. तोडणारा बाहेरच राहिला. २४ तासांचं ते घड्याळ मात्र त्याच्याच कोयत्यावर चालतं. टोळी आली नाही तर भागधारकाचा ऊस शेतातच वाळतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम हंगामाआधी उचल देतो आणि ती तोडीतून फेडायची असते. नाथ्र्याचे गोपीनाथ मुंडे यांचं नाव असलेलं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आता आहे. पण कारखान्याच्या भागधारकांच्या यादीत कोयत्याला जागा नाही.

हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर परळीला परततात. उचल फिटली नसेल, तर उरलेली बाकी पुढच्या वर्षीच्या हिशेबात धरली जाते.