शके, सन आणि वार जुळवणारा मास्तर : शंकर बाळकृष्ण दीक्षित

गोव्यात सांजाव दरवर्षी २४ जूनलाच येतो. चवथ मात्र कधी ऑगस्टच्या शेवटाला, तर कधी सप्टेंबरच्या मध्यावर. पेडण्यातल्या किंवा डिचोलीतल्या माणसाला यात काही नवल वाटत नाही, भिंतीवरची दिनदर्शिका बघितली की काम झालं. पण हेच काम संगणकाला सांगायला गेलात की भल्याभल्या प्रोग्रामरना घाम फुटतो. ०४/०५ असं लिहिलं तर आपल्याकडे ते ४ मे, अमेरिकेत ५ एप्रिल. हा घोळ मिटवायला १९८८ साली आयएसओ ८६०१ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आलं. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, सगळे आकडे ठरलेल्या जागी. त्यात कालावधी लिहायचीही रीत आहे. तरी 'एक महिना' म्हणजे नेमके किती दिवस, हे कुठल्या महिन्यापासून मोजता त्यावरच ठरतं.

हे मानक निघायच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी, याहून कितीतरी गुंतागुंतीच्या तारखा वाचायची रीत कोकणातल्या एका शाळामास्तरने बसवून दिली. त्यांचं नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित. पंचांगाशी संबंध असलेल्या माणसाला हे नाव माहीत असतं. बाकीच्यांनाही माहीत असायला हवं, कारण आपल्या भागातले जुने कागद आणि शिलालेख कोणत्या साली लिहिले गेले हे आपण सांगू शकतो, त्यामागे त्यांचे कष्ट आहेत.

दीक्षितांचा जन्म जुलै १८५३ चा, दापोली तालुक्यातल्या मुरूडचा. घर वैदिकाचं. शिक्षण गावच्या शाळेत, मग दापोलीला आणि पुढे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात. ते मॅट्रिक झाले, पण पदवी नव्हती. जन्मभर शिक्षकाची नोकरी केली : रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि शेवटी पुन्हा पुण्याचं ट्रेनिंग कॉलेज, या वेळी शिकवायला. बदलीची नोकरी, पगार बेताचा, आणि हाताशी मोठं ग्रंथालय असायचा प्रश्नच नाही. अशा स्थितीत त्यांनी संस्कृतातले सिद्धांतग्रंथ मुळातून वाचले आणि त्यातलं गणित स्वतः करून पाहिलं. मुलांसाठी 'सृष्टिचमत्कार', सर्वसामान्य वाचकांसाठी 'ज्योतिर्विलास' अशी पुस्तकंही लिहिली. रात्रीच्या आकाशाची गोडी लावणारं 'ज्योतिर्विलास' कितीतरी मराठी घरांत वाचलं गेलं.

ठाण्याला त्यांची गाठ जनार्दन बाळाजी मोडक यांच्याशी पडली. मोडक, विसाजी रघुनाथ लेले आणि दीक्षित या तिघांनी मिळून सायन पंचांग काढलं. जुन्या पंचांगांतलं गणित आणि आकाशातलं प्रत्यक्ष यांत फरक पडत चालला होता, तो दुरुस्त करायचा त्यांचा आग्रह. त्या वादात आज शिरायला नको, तो अजून मिटलेला नाही! केरूनाना छत्र्यांपासून बागलकोटच्या व्यंकटेश बापूजी केतकरांपर्यंत बरीच मोठी माणसं त्यात होती.

दीक्षितांचं नाव देशाबाहेर गेलं ते मात्र दुसऱ्याच कारणाने. त्या काळात जॉन फेथफुल फ्लीट हे मुंबई इलाख्यातले अधिकारी जुने कोरीव लेख वाचत होते. आपल्या गोव्याच्या कदंबांचे लेखही त्यांनी वाचून छापले. लेखातली अक्षरं लागली तरी तारीख लागत नव्हती. सगळ्यात मोठा घोळ गुप्त राजांच्या संवताचा. हा संवत सुरू कधी झाला? कोणी म्हणे शकाबरोबरच, म्हणजे इसवी सन ७८ च्या सुमारास. कोणी म्हणे १६६, कोणी ३१८-३१९. म्हणजे गुप्तांचं अख्खं राज्य अडीचशे वर्षं मागेपुढे सरकत होतं. अल्बेरुणीने हा संवत शकानंतर २४१ वर्षांनी सुरू झाल्याचं नोंदवून ठेवलं होतं, पण ते मानायला सगळे तयार नव्हते.

निकाल लावायला उपयोगी पडला तो मध्य प्रदेशातल्या सागर जिल्ह्यातला एरणचा स्तंभ. बुधगुप्ताच्या काळातल्या त्या लेखावर तारीख आहे : वर्ष १६५, आषाढ शुद्ध १२, गुरुवार. यातला वार महत्त्वाचा. वर्ष, महिना, तिथी यांचा अर्थ लावताना संवताचा आरंभ गृहीत धरावा लागतो, पण सात वारांचं चक्र कुठल्याच संवताला विचारत नाही. अल्बेरुणीचा आरंभ धरला तर १६५ हे वर्ष इसवी सन ४८४ ला येतं. दीक्षितांनी गणित मांडलं, तर आषाढ शुद्ध १२ ही २१ जून ४८४ ला आली आणि त्या दिवशी गुरुवारच होता. फ्लीट यांचा गुप्त लेखांचा मोठा ग्रंथ १८८८ मध्ये निघाला, त्यात दीक्षितांचं गणित आहे आणि तिथीवरून वार काढायची त्यांची रीत परिशिष्ट म्हणून छापलेली आहे.

कॉमर्सवाल्याला हे चटकन कळेल. वार म्हणजे ट्रायल बॅलन्स. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर कुठेतरी चूक नक्की आहे. पण जुळल्या म्हणून सगळं बरोबर असंही नाही, कारण चुकीची तारीखसुद्धा सातातून एकदा योगायोगाने वाराशी जुळणारच. म्हणून एक तारीख जुळल्यावर थांबून चालत नाही. आणखी लेख, नक्षत्र, संक्रांत, ग्रहण असं जे काही नोंदलेलं असेल ते सगळं ताडून बघावं लागतं. गुप्त संवताचं कामही एकट्या एरणवर उभं राहिलं नाही. मंदसोरच्या लेखात कुमारगुप्ताचं नाव आणि मालव संवताचं ४९३ हे वर्ष एकत्र सापडलं, तेही त्याच आरंभाशी जुळलं.

आता ही तारीख वाचणं इतकं अवघड का, ते बघू. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे जायला लागणारा वेळ. चंद्राची गती सारखी बदलते, त्यामुळे तिथी कधी १९ तासांत संपते, कधी २६ तासांपर्यंत लांबते. सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची. म्हणून एखादी तिथी गळते, एखादी दोन दिवस राहते. सूर्योदय गावागणिक वेगळा. उज्जैन आणि पणजी यांच्या रेखांशातच सुमारे ८ मिनिटांचा फरक आहे, तिथी जर सूर्योदयाच्या आगेमागे संपत असेल तर तेवढ्यानेही दिवस बदलतो. त्यात अधिक महिना, साधारण १९ वर्षांत सात वेळा. शिवाय प्रांताप्रांताची रीत निराळी. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. आपलं वर्ष चैत्रात सुरू होतं, गुजरातेत कार्तिकात. आणि लेखात दिलेलं वर्ष चालू की संपलेलं, हे बऱ्याचदा लिहिणाऱ्याने सांगितलेलंच नसतं. त्याच्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं, मग सांगायचं कशाला?

आमच्याच भागाची उदाहरणं घ्या. गोव्याच्या कदंबांच्या लेखांत शकाऐवजी कलियुगाची वर्षं सापडतात. खानापूर तालुक्यातल्या हलशीच्या लेखात कलियुगाचं ४२७० वं वर्ष आहे. त्यातून ३१७९ वजा केले की शके १०९१, त्यात ७८ मिळवले की इसवी सन ११६९. हे सोपं झालं. पुढे मराठेशाहीतल्या कागदांवर सुहूर सन भेटतो आणि तोही आकड्यांत नाही, अरबी शब्दांत, मोडी लिपीत. खमस सबैन मया व अलफ म्हणजे पाच, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७५. त्यात ५९९ मिळवा, १७७४ येतं. पण हे वर्ष मृगाला बदलतं, त्यामुळे कागद पुढच्या जानेवारीतला असेल तर ६०० मिळवायचे. पेडणे १७८८ पर्यंत सावंतवाडीकरांकडे होतं, नंतर पोर्तुगीजांकडे गेलं. तेव्हा हद्दीच्या अलीकडे-पलीकडे एकाच जमिनीचे कागद दोन वेगळ्या कालगणनांत असू शकतात. वाटणीचा किंवा देवस्थानाचा वाद असला की कोणता कागद आधीचा, यावर बरंच काही अवलंबून असतं.

पोर्तुगीजांचीही एक गंमत आहे. त्यांनी ग्रेगोरियन कॅलेंडर सोळाव्या शतकातच घेतलं, इंग्रजांनी १७५२ मध्ये. शिवजयंतीची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीची आहे. तोच शुक्रवार, तीच फाल्गुन वद्य तृतीया, पण गोव्यातल्या पोर्तुगीज दप्तरात त्या दिवशी १ मार्च होता.

या सगळ्यावर दीक्षितांनी आणि रॉबर्ट स्यूएल यांनी मिळून जो उपाय केला, तो १८९६ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. पुस्तकाचं नाव 'दि इंडियन कॅलेंडर'. स्यूएल म्हणजे विजयनगरचा इतिहास लिहिणारे मद्रास इलाख्यातले अधिकारी. इसवी सन ३०० पासून १९०० पर्यंत प्रत्येक वर्षाचा आरंभ कोणत्या दिवशी, कोणत्या वारी, अधिक महिना कोणता, चंद्र-सूर्य त्या वेळी कुठे, हे सगळं त्यात कोष्टकात मांडलेलं आहे. चंद्राच्या एका फेऱ्याचे दहा हजार भाग पाडलेत, त्यामुळे अंश-कला-विकलांच्या ऐवजी साधी बेरीज करून काम भागतं. घाई असेल तर ढोबळ रीत, नेमकेपणा हवा असेल तर सूक्ष्म रीत. हिजरी सनाची कोष्टकं आहेत. भारतातून दिसलेल्या ग्रहणांची यादी आहे, ती व्हिएन्नाच्या रॉबर्ट श्रॅम यांनी केलेली. सुहूर, फसली यांचीही माहिती आहे.

यातली मूळ युक्ती मात्र फार जुनी, आपल्या सिद्धांतकारांची : अहर्गण. ठरलेल्या एका दिवसापासून आजवर किती दिवस झाले, ते मोजायचं. कलियुगारंभाचा तो दिवस इसवी सनापूर्वी ३१०२ च्या १८ फेब्रुवारीचा, शुक्रवार. कुठलीही तारीख आधी या दिवसांच्या आकड्यात आणायची आणि मग हव्या त्या कालगणनेत लिहायची. संगणक आज हेच करतो. तो १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतो आणि पडद्यावर दाखवताना त्याची तारीख करतो.

त्याच १८९६ साली दीक्षितांचा मराठी महाग्रंथ 'भारतीय ज्योतिषशास्त्र' छापून आला. पुण्याच्या दक्षिणा प्राइझ कमिटीने पंचांगांच्या इतिहासावर ग्रंथ मागवला होता, त्यातून हे काम उभं राहिलं. वेदकाळापासून स्वतःच्या काळापर्यंतचे ग्रंथकार त्यांनी एकेक करून तपासले. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका नेमक्या पूर्वेला उगवतात असा उल्लेख आहे, त्यावरून त्यांनी त्याचा काळ इसवी सनापूर्वी ३००० च्या आसपास काढला. त्यावर आजही वाद घालणारे आहेत, आणि ते ठीकच आहे.

एप्रिल १८९८ मध्ये दीक्षित गेले. वय ४४. दोन मोठी पुस्तकं हातात पडून दोनच वर्षं झाली होती.

त्यांच्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर भारत सरकारच्या हवामान खात्यामार्फत १९६९ आणि १९८१ मध्ये दोन भागांत निघालं. मद्रासकडचे स्वामीकन्नू पिल्लै यांनी तारखांची आणखी मोठी कोष्टकं केली. अमेरिकेतले रेनगोल्ड आणि डेर्शोविट्झ यांनी जगातल्या कालगणना संगणकावर आणल्या, त्यांच्या संदर्भांत स्यूएल आणि दीक्षित आहेत.

मोडी कागदांची सूची संगणकावर करणाऱ्यांना एवढंच सांगायचंय : मोबाइलमध्ये किंवा संगणकात 'भारतीय' नावाची जी कालगणना मिळते, ती २२ मार्च १९५७ पासून सरकारने लागू केलेली राष्ट्रीय दिनदर्शिका आहे. तिच्यात शक आहे, चैत्र-वैशाखही आहेत, पण तिथी नाही. तिचा १ चैत्र म्हणजे २२ मार्च, लीप वर्षी २१ मार्च. गुढीपाडवा नव्हे. जुन्या कागदावरची चैत्र शुद्ध प्रतिपदा तिच्यात टाकली तर यंत्र कुरकुर न करता उत्तर देईल, आणि ते चुकीचं असेल. कागदावर वार असला तर तो आधी जुळवून बघा.