संत मारिया गोरेट्टी : एका क्षमेचा दीर्घ प्रवास

दरवर्षी ६ जुलै रोजी ख्रिस्तसभा संत मारिया गोरेट्टी हिचे स्मरण करते. शुद्धतेसाठी प्राण देणारी बालहुतात्मा म्हणून धर्मशिक्षणाच्या वर्गात आपल्याला तिची ओळख करून दिली जाते. ती ओळख खरी आहे. परंतु अपुरी आहे, असे आम्हांस वाटते. मरणशय्येवर या अकरा वर्षांच्या मुलीने आपल्या मारेकऱ्याला क्षमा केली आणि ती क्षमा पुढे कितीतरी वर्षे इतरांच्या जीवनात कार्य करीत राहिली. आज तिचे चरित्र आम्ही त्याच अंगाने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मारियाचा जन्म इटलीतील कोरिनाल्दो या गावी १६ ऑक्टोबर १८९० रोजी झाला. वडील लुईजी आणि आई असुंता हे गरीब, श्रद्धावान शेतकरी होते. स्वतःच्या जमिनीवर भागेना, तेव्हा कुटुंबाने गाव सोडले. काही वर्षे पालियानोजवळ काढून १८९९ साली ते नेत्तूनोजवळील ले फेरिएरे येथे आले व एका जमीनदाराची शेती वाट्याने कसू लागले. तो सारा प्रदेश दलदलीचा, डासांचा आणि हिवतापाचा होता. १९०० साली त्याच हिवतापाने लुईजींचा बळी घेतला.

घरात लहान मुले, डोक्यावर देणे आणि कर्ता पुरुष गेलेला. असुंता नवऱ्याच्या जागी शेतात राबू लागल्या आणि घराचा भार दहा वर्षांच्या मारियाने उचलला. स्वयंपाक, धुणे, पाणी, धाकट्या भावंडांचा सांभाळ हे सारे तिच्याकडे आले. तिला शाळा लाभली नाही. तरीही तिने प्रश्नोत्तरे तोंडपाठ करून प्रथम ख्रिस्तशरीर संस्काराची तयारी केली. जपमाळ हा तिचा नित्याचा आधार होता.

त्याच घराच्या दुसऱ्या भागात जोव्हान्नी सेरेनेल्ली आणि त्याचा तरुण मुलगा अलेस्सांद्रो राहत असत. दोन्ही कुटुंबांची शेती सामायिक होती. अलेस्सांद्रोने बालपणीच आई गमावली होती. घरात माया नव्हती आणि वाचायला हाती पडे ते हिंसेने व वासनेने भरलेले असे. त्याची नजर मारियावर पडली. त्याने तिच्याकडे पापाची मागणी केली, तिने ती झिडकारली. तेव्हा कोणाला सांगितल्यास जिवे मारीन अशी धमकी त्याने दिली. आधीच पिचलेल्या आईच्या दुःखात भर नको, म्हणून ती मुलगी ते भय एकटीच वाहत राहिली.

५ जुलै १९०२ रोजी दुपारी घरची मंडळी अंगणात शेंगांची मळणी करीत होती. मारिया जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून अलेस्सांद्रोचाच सदरा शिवत होती. शेजारी धाकटी बहीण झोपली होती. अलेस्सांद्रोने तिला घरात ओढले. हे पाप आहे, यामुळे तुझा आत्मा नरकात जाईल, असे ती त्याला परोपरीने सांगत राहिली. तेव्हा त्या वीस वर्षांच्या तरुणाने हातातील टोकदार हत्याराने तिच्यावर चौदा वार केले.

तिला नेत्तूनोच्या रुग्णालयात हलविण्यात आले. भूल न देताच शस्त्रक्रिया झाली. असह्य तहान लागली असताही तिला पाणी देता येईना, तेव्हा क्रूसावरील प्रभूच्या तहानेची आठवण करून देताच ती शांत झाली. दुसऱ्या दिवशी अखेरचा ख्रिस्तप्रसाद देण्यापूर्वी धर्मगुरूंनी तिला विचारले की, प्रभूने आपल्या मारेकऱ्यांना क्षमा केली तशी ती अलेस्सांद्रोला क्षमा करते का. तिने होकार दिला. इतकेच नव्हे, तर तोही आपल्याबरोबर स्वर्गात असावा अशी इच्छा तिने व्यक्त केली. ६ जुलै १९०२ रोजी तिने देह ठेवला.

येथे आम्ही वाचकांना क्षणभर थांबण्याची विनंती करतो. मारियाने क्षमा केली तेव्हा अलेस्सांद्रोला पश्चात्ताप झालेला नव्हता आणि तिच्याकडे कोणी माफी मागितली नव्हती. तरीही तिने त्याच्या कृत्याला पापच म्हटले. जे वाईट होते ते वाईटच राहिले. तिच्या क्षमेमुळे न्यायालयाचे कामही थांबले नाही. अलेस्सांद्रो कायद्याने अज्ञान असल्यामुळे जन्मठेप टळली, परंतु तीस वर्षांच्या कारावासाची शिक्षा त्याला झाली. म्हणून क्षमेच्या नावाखाली पीडितांना गप्प बसविणे, अपराध झाकणे हा मारियाच्या क्षमेचा अर्थ नव्हे. त्याचप्रमाणे जी मुलगी अशा अत्याचारातून जिवंत राहते, तिच्या पावित्र्याला तसूभरही उणेपणा येत नाही. पाप अत्याचार करणाऱ्याचे असते, हे आपण आपल्या घरांतून स्पष्टपणे सांगावयास हवे.

तुरुंगातील पहिली काही वर्षे अलेस्सांद्रो कठोर व निर्ढावलेला राहिला. आपल्याला क्षमा मिळाली आहे, ही गोष्ट त्याच्यापर्यंत पोहोचूनही पोहोचली नव्हती. पुढे त्याला एक स्वप्न पडले. एका बागेत मारिया फुले खुडत होती आणि ती फुले त्याच्या हाती देत होती. नोतोचे बिशप जोव्हान्नी ब्लांदिनी त्याला तुरुंगात भेटले होते. त्यांना पत्र लिहून त्याने आपल्या अपराधाबद्दल मनापासून दुःख व्यक्त केले. मारियाने एका दिवसात जे दिले, ते स्वीकारायला त्याला वर्षे लागली. क्षमा करणे कठीण, हे आपण नेहमी ऐकतो. क्षमा स्वीकारणे कधी कधी त्याहूनही कठीण असते, कारण त्यासाठी आपल्या पापाला त्याच्या खऱ्या नावाने संबोधावे लागते.

सत्तावीस वर्षे भोगून १९२९ साली तो सुटला. पुढे काही वर्षांनी, एका नाताळाच्या सुमारास, तो कोरिनाल्दो येथे गेला. तेथे वृद्ध असुंता धर्मगुरूंच्या निवासात कामाला होत्या. आपण मला क्षमा कराल का, असे त्याने गुडघे टेकून विचारले. ज्या हातांनी आपली लेक हिरावून नेली, तेच हात त्या मातेपुढे जोडलेले होते. मारियाने तुला क्षमा केली, देवाने क्षमा केली, मग मी कशी नाकारू, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. नाताळच्या मिस्सेत त्या दोघांनी शेजारी शेजारी ख्रिस्तशरीर स्वीकारले. मुलीची क्षमा आईला आयती मिळाली नव्हती. दार उघडल्यावर तिला ती स्वतःच्या अंतःकरणातून पुन्हा द्यावी लागली.

मारियाच्या संतपदाच्या चौकशीत अलेस्सांद्रोने स्वतः साक्ष दिली. पोप बारावे पायस यांनी १९४७ साली तिला धन्यवादित आणि २४ जून १९५० रोजी संत म्हणून घोषित केले. जनसमुदाय एवढा लोटला की हा सोहळा संत पीटरच्या चौकात उघड्यावर करावा लागला. आपल्या कन्येचा हा गौरव असुंता यांनी याचि देही पाहिला. १९५४ साली त्या प्रभूघरी गेल्या. अलेस्सांद्रोने उर्वरित आयुष्य कापुचिन मठांमध्ये बागकाम व सेवा करीत घालविले आणि ६ मे १९७० रोजी माचेराता येथे त्याचा अंत झाला.

प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण दररोज आपल्या अपराधांची क्षमा मागतो आणि त्याच श्वासात इतरांना क्षमा केल्याचे सांगतो. एकाच मंदिरात प्रार्थना करूनही वर्षानुवर्षे एकमेकांशी न बोलणारे भाऊ, सासर-माहेरची अबोल घरे आपल्या परिचयाची आहेत. ज्यांची जखम खोल आहे त्यांना घाई करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु ज्याच्यामुळे आपले मन दुखावले आहे, त्याच्या स्वर्गप्राप्तीसाठी आज एकदा प्रार्थना करणे आपल्या हाती आहे. या वर्षीच्या स्मृतिदिनी आपण तेवढे तरी करू या. संत मारिया गोरेट्टी आपल्यासाठी विनंती करो.