सतीश धवन

मुलांनो, टीव्हीवर हवामानाच्या बातम्यांत भारताचा नकाशा दाखवतात. त्यावर पांढरे ढग सरकताना तुम्ही पाहिले असतील. हे चित्र उपग्रह काढतो. वरून जमिनीकडे पाहणारे उपग्रह आपल्या देशात प्रथम तयार झाले, तेव्हा त्या कामाचे प्रमुख होते सतीश धवन.

धवन यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२० रोजी श्रीनगर येथे झाला. शिक्षण मात्र लाहोरला झाले. हो, इक्बाल ज्या शहरात राहिले तेच लाहोर! तेथे त्यांनी गणित व भौतिकशास्त्र घेऊन बी. ए. केले, मग इंग्रजी साहित्यात एम. ए. केले आणि यंत्र अभियांत्रिकीची पदवीही घेतली. विज्ञान घ्यावे की साहित्य, असा प्रश्न तुम्हांला पडतो ना? त्यांना तो पडलेला दिसत नाही. पुढे अमेरिकेत पीएच. डी. करून १९५१ साली ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. १९६२ मध्ये तेथील संचालक झाले.

डिसेंबर १९७१ मध्ये विक्रम साराभाई यांचे अचानक निधन झाले. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी अंतराळ संशोधनाची जबाबदारी धवन यांच्यावर सोपवली. त्यांनी ती घेतली. पण बंगळूरची संस्था सोडली नाही. १९७२ ते १९८४ अशी बारा वर्षे ते इस्रोचे अध्यक्ष होते.

७ जून १९७९ रोजी 'भास्कर' हा उपग्रह सोव्हिएत अग्निबाणाने आकाशात गेला. जंगल, पाणी व समुद्र यांची माहिती मिळवणे हे त्याचे काम. त्याचा कॅमेरा आधी चालूच करता आला नाही. सुमारे वर्षभर वाट पाहिल्यावर, १९८० मध्ये तो चित्रे पाठवू लागला.

पण उपग्रह आपला आणि अग्निबाण दुसऱ्याचा, असे किती दिवस चालणार? १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटाहून आपला स्वतःचा अग्निबाण उडाला. दुसऱ्या टप्प्यात बिघाड झाला आणि तो बंगालच्या उपसागरात कोसळला. या प्रकल्पाचे प्रमुख होते ए. पी. जे. अब्दुल कलाम. पत्रकार बाहेर वाट पाहत होते. विचार करा, अशा वेळी वरिष्ठ काय करतात? धवन स्वतः पत्रकारांसमोर गेले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली. १८ जुलै १९८० रोजी तोच अग्निबाण यशस्वी झाला. ३५ किलोचा 'रोहिणी' पृथ्वीभोवती फिरू लागला. या वेळी पत्रकारांशी बोलायला त्यांनी कलाम यांना पुढे केले. कलाम ही गोष्ट आयुष्यभर सांगत राहिले.

१९८१ चा रोहिणी नऊ दिवसच टिकला. १९८३ चा मात्र जेमतेम ४१.५ किलोचा, त्याच्या कॅमेऱ्याने पृथ्वीची अडीच हजारांहून अधिक चित्रे पाठवली!

धवन यांना पक्ष्यांचेही वेड होते. श्रीहरिकोटाजवळ पुलिकत सरोवर आहे. तेथे लांब पायांचे रोहित पक्षी येतात. ते कसे उडतात, हे धवन तासन्‌तास पाहत. पक्ष्यांच्या उड्डाणावर त्यांनी एक पुस्तकही लिहिले.

३ जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी श्रीहरिकोटाच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.