वसईचे संत गोन्सालो गार्सिया
६ फेब्रुवारीला ख्रिस्तसभा नागासाकीच्या २६ रक्तसाक्ष्यांचे स्मरण करते. त्यांत आपल्या वसईचा एक सुपुत्र आहे. गोन्सालोंचे वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वसईत येशूसंघीय फादरांकडे ते शिकले आणि कोवळ्या वयातच त्यांच्याबरोबर जपानला गेले. जपानी भाषा त्यांनी अशी आत्मसात केली की मिशनकार्यात ते फादरांचा उजवा हात बनले. आपल्याला येशूसंघात घ्यावे एवढीच त्यांची इच्छा. ती मान्य झाली नाही.

मग त्यांनी व्यापार सुरू केला. त्यात चांगला जम बसला, तरी मनातली हाक काही शमेना. अखेर मनिलात ते फ्रान्सिस्कन संघात शिरले. धर्मगुरू म्हणून नव्हे, साधे ब्रदर म्हणून. (ब्रदर म्हणजे अर्धेच फादर, असे आपल्याकडे अजूनही काहींना वाटते!)

फादर पेद्रो बाप्तिस्ता ह्यांना जपानात दुभाषा हवा होता. १५९३ साली गोन्सालो त्यांच्यासोबत गेले. व्यापाराच्या दिवसांत उपयोगी पडलेली भाषा आता हिदेयोशीच्या दरबारात प्रभूच्या कामी आली.

डिसेंबर १५९६ मध्ये त्यांना अटक झाली. क्योतोत डाव्या कानाचा तुकडा कापला गेला. तेथून ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत धिंड निघाली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी टेकडीवर २६ क्रुस उभे राहिले. गोन्सालोंसह सहा फ्रान्सिस्कन होते, आणि येशूसंघाचेही तिघे. १८६२ साली पोप नववे पायस ह्यांनी सर्वांना एकत्रच संतपद दिले.