अर्धं काम बाजूला ठेवताना

क्रिस्टोफर स्ट्रेची मला भेटला तो साहित्याच्या वाटेने. लिटन स्ट्रेची या चरित्रकाराबद्दल वाचत होते, आणि वाचता वाचता त्याचा हा पुतण्या सापडला. याने १९५२ मध्ये मँचेस्टरच्या कॉम्प्युटरकडून प्रेमपत्रं लिहून घेतली होती! शब्दांच्या ठरलेल्या याद्या, त्यातून मशीनने कसेही उचललेले शब्द आणि खाली मशीनचीच सही. पत्रं अगदी गुळचट आहेत, पण माणूस आवडला.

त्याचा जन्म १६ नोव्हेंबर १९१६ चा. आई रे स्ट्रेची स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणारी लेखिका. वडील ऑलिव्हर आधी हिंदुस्थानात रेल्वेत होते, पुढे गुप्त संदेश उलगडण्याच्या कामात गेले. केंब्रिजला तिसऱ्या वर्षी क्रिस्टोफरचं मन पार कोलमडलं. पदवी मिळाली, पण यथातथाच. मग युद्धकाळात कारखान्यात संशोधन आणि नंतर शाळेत मास्तरकी. हॅरोच्या शाळेत शिकवत असतानाच त्याने सुट्ट्यांमध्ये ड्राफ्ट्स हा पटावरचा खेळ खेळणारा प्रोग्राम लिहायला घेतला. अॅलन ट्युरिंगने त्याला मँचेस्टरला मशीन वापरू दिलं. एका नवख्या मास्तराने तोवरचा तिथला सगळ्यात लांब प्रोग्राम आणला, आणि शेवटी मशीनने ब्रिटिश राष्ट्रगीताची धून वाजवली. पुढच्या नोकरीला एवढं पुरलं.

मला खरं सांगायचंय ते जून १९५९ बद्दल. पॅरिसला युनेस्कोच्या परिषदेत स्ट्रेचीने टाइम-शेअरिंगवर निबंध वाचला. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे प्रचंड महागडी वस्तू, आणि छपाईयंत्र, टेप वगैरे त्याच्यापुढे अगदी मंद. त्यांची वाट बघत मशीन रिकामं बसायचं. आणि प्रोग्राममधली चूक शोधणारा माणूस समोर बसून विचार करत असेल, तर मशीनचा तो वेळही फुकट. म्हणून मोठ्या मशीनजवळ माणसाला बसूच द्यायचं नाही, अशी रीत पडत चालली होती. स्ट्रेचीने सुचवलं की मशीनमध्ये एकाच वेळी अनेक प्रोग्राम ठेवा. एक अडला की दुसऱ्याला पुढे करा. मग समोरचा माणूस खुशाल विचार करत बसेना का! मला यातली माणसाच्या विचाराला दिलेली सवड फार महत्त्वाची वाटते.

पण या अदलाबदलीला किंमत पडते. पुस्तक वाचताना कोणी हाक मारली तर आपण पानात खूण घालून उठतो. परत आल्यावर दोन ओळी मागे जाऊन धागा पकडावा लागतो. मशीनलाही चालू प्रोग्रामचे आकडे आणि पुढची सूचना कुठली हे जपून ठेवावं लागतं, दुसऱ्याचं उचलून आणावं लागतं. यालाच कॉन्टेक्स्ट स्विच म्हणतात. तेवढ्या वेळात कोणाचंच काम होत नाही. चारजण असताना हे चालतं, चारशे झाले की मशीन नुसतं खुणा घालत बसेल.

अनेक माणसं अनेक टर्मिनलवर, ही कल्पना स्ट्रेचीची नव्हे. १९७४ मध्ये डोनाल्ड कनुथला त्याने तसं सरळ कळवलंही होतं. ती मॅकार्थीची, आणि एमआयटीत कॉर्बातोने ती उभी केली. १९६१ मध्ये तिथे चार टर्मिनल होती, आणि ज्याचा त्याचा प्रोग्राम उतरवून ठेवायला ज्याची त्याची टेप! हे वाढणार कसं? म्हणून कॉर्बातोने नियम केला: प्रोग्राम जितका मोठा, तितकी त्याची पाळी उशिरा, पण आली की लांब. अदलाबदल आपोआप कमी. आजच्या लिनक्स कर्नललाही हाच प्रश्न सुटला नव्हता. पूर्वी पुढचा कोण हे ठरवायला तो सगळी रांग चाळायचा. २००३ च्या २.६ आवृत्तीत प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची रांग मिळाली आणि चाळणं संपलं.

आणि गंमत म्हणजे तो कर्नल सी भाषेत लिहिलाय. सीच्या आधी बी, बीच्या आधी बीसीपीएल, आणि त्याच्याही आधी सीपीएल. ही सीपीएल स्ट्रेची आणि केंब्रिज-लंडनची मंडळी १९६२ पासून घडवत होती, आणि ती कधीच पूर्ण झाली नाही. स्ट्रेचीचं बरंच काही असंच राहिलं. बोलायचा भरपूर, छापायचा थोडं. १९६५ मध्ये ऑक्सफर्डला त्याने संशोधन गट काढला, आणि पुढे डेना स्कॉटबरोबर प्रोग्रामला गणिती अर्थ द्यायचं मोठं काम केलं.

१८ मे १९७५ रोजी कावीळ होऊन तो गेला, ५८ व्या वर्षी. रॉबर्ट मिल्नबरोबर लिहिलेला प्रबंध मिल्नने नीट करून पुढच्या वर्षी छापला. १९६७ मध्ये कोपनहेगनला दिलेली व्याख्यानं मात्र टिपणांच्या प्रतींवरच हातोहात फिरत राहिली. ती छापून आली २००० साली.